‘हे फक्त मलाच होतं का?’

या महिन्यातली जवळपास सगळी पत्रं तेरा ते सतरा वयातल्यांची आहेत, एकच पत्र एका आईचं आहे, ते शेवटी घेतलंय. विषय वेगवेगळे, कुणाचा आवाज, कुणाचं नाक, कुणाचं पोट, पण एक गोष्ट मला फार जाणवली, पत्राच्या शेवटी बहुतेकांनी तेच एक वाक्य लिहिलंय, ‘ताई, हे फक्त मलाच होतं का?’ हे वाक्य वाचून दर वेळी जीव कळवळतो, म्हणून या वेळी उत्तरं जरा हात सैल सोडून लिहितेय. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, काळजी करू नका.

प्रश्न : ताई, मागच्या आठवड्यात शाळेच्या जिन्यात वरच्या वर्गातला एक मुलगा हसत हसत हात हलवत येत होता, मला वाटलं मलाच करतोय, म्हणून मी पण जोरात हात हलवला आणि वर ‘हाय’ पण म्हणाले. मग कळलं की तो माझ्या मागच्या मुलाला हात करत होता. मी तो हात तसाच वर नेऊन केस नीट केल्यासारखं केलं, पण त्या दिवशी घट्ट वेणी होती, नीट करायला काही नव्हतंच. तेव्हापासून मी तो जिना वापरत नाही, इमारतीला वळसा घालून मागच्या जिन्याने जाते आणि रोज पहिल्या तासाला उशीर होतो. तिथे निदान वीस जण होते, सगळ्यांनी बघितलं. फक्त मलाच असं होतं का?
– जिना बदललेली, १३

उत्तर : अगं, त्या वेणीवरून फिरलेला हात माझ्या डोळ्यासमोर आला आणि पोटात कालवलं, कारण धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं त्या सेकंदाला वाटतं ना, ते मला चांगलं माहीत आहे. पण ‘सगळ्यांनी बघितलं’ हे तुझं वाक्य मला तपासून बघायचंय.

२००० साली मानसशास्त्रज्ञ टॉम गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातला. त्यांनी कॉलेजच्या मुलांना एक टीशर्ट घालायला दिला, ज्याच्यावर अशा एका गायकाचा मोठा चेहरा होता की तो घालून चारचौघांत जायची त्या वयाच्या मुलांना लाज वाटावी. मग एकेकाला अशा खोलीत पाठवलं जिथे बाकीची मुलं आधीच बसलेली होती, आणि थोड्या वेळाने बाहेर बोलावून विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल रे तुझ्या टीशर्टवर कोण होतं ते? घालणाऱ्यांचा अंदाज होता, साधारण निम्म्या लोकांच्या. प्रत्यक्षात बसलेल्यांना विचारलं तर जेमतेम चौथा हिस्सा लोकांना सांगता आलं. समोरासमोर बसून, इतका मोठा चेहरा छातीवर असून. याला स्पॉटलाइट इफेक्ट म्हणतात, आपल्याच डोक्यावर एक दिवा लावलाय आणि तो बाकीच्यांनाही दिसतोय असं वाटणं.

मोठ्यांनाही हे होतं, पण तुझ्या वयात तो दिवा फार प्रखर असतो. डेव्हिड एल्काइंड नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्येच याबद्दल लिहून ठेवलंय, त्यांनी त्याला काल्पनिक प्रेक्षक असं नाव दिलं. म्हणजे दुसऱ्यांच्या मनात काय चाललंय याचा विचार करायची ताकद या वयात नव्याने येते, ती चांगलीच गोष्ट आहे, पण आपल्या डोक्यात चोवीस तास आपणच असतो म्हणून वाटतं की दुसऱ्यांच्या डोक्यात पण आपणच असणार. आता त्या जिन्यातल्या वीस जणांचं बघ, त्यातल्या कुणाचा गृहपाठ राहिला असेल, कुणाच्या दातात काहीतरी अडकलं असेल, कुणाला पुळी आली असेल, वीसच्या वीस जण आपापला दिवा घेऊन चालले होते.

उद्या मैत्रिणीला बरोबर घे आणि त्याच जिन्याने जा. पहिल्या दिवशी छातीत धडधडेल, चौथ्या दिवशी तो परत नुसता जिना होईल, वळसा घालत राहिलीस तर मात्र भीती तिथेच बसून राहील. आणि पुन्हा कधी असं झालं (होईल, माझं अजूनही होतं) तर केसांकडे हात नेऊ नकोस, हसून ‘अरे, मला वाटलं मलाच’ एवढं मोठ्याने म्हण. तोंडातून ते वाक्य बाहेर पडलं ना की अर्धी लाज तिथेच संपते.

प्रश्न : हजेरीला माझं नाव आलं की मी ‘हजर’ म्हणतो, पण त्यातला ‘ह’ जाड येतो आणि ‘जर’ एकदम बारीक, शिट्टीसारखा. सगळा वर्ग वाट बघत असतो. म्हणून मी आता नुसता हात वर करतो, तर मॅडमनी दोनदा गैरहजेरी लावली आणि घरी मेसेज गेला. फोन उचलला की लोक मला आई समजून बोलायला लागतात, परवा एका काकूंनी पाच मिनिटं गुडघेदुखी सांगितली, मी मध्ये थांबवू पण शकलो नाही. हे किती दिवस चालणार?
– दोन आवाजांचा, १४

उत्तर : आधी गैरहजेरीचं. मॅडमना तास संपल्यावर एकट्यात जाऊन सांग, ‘मॅडम, आवाज फुटतोय, काही दिवस हात वर केला तर चालेल का’. दर वर्षी त्यांच्या वर्गात अशी डझनभर मुलं असतात, त्यांना एका वाक्यात कळेल, आणि घरी मेसेज जाणं थांबेल.

आता गळ्यात काय चाललंय ते सांगते, कारण कारण कळलं की भीती निम्मी होते. टेस्टोस्टेरॉन नावाच्या हार्मोनमुळे तुझं स्वरयंत्र वाढतंय, पुढे कंठमणी दिसायला लागला असेल तो त्याचाच भाग. आतले स्वरतंतू लांब आणि जाड होतायत, मोठ्या पुरुषाचे ते साधारण १७ ते २५ मिलिमीटर असतात, स्त्रियांचे त्यापेक्षा आखूड. गिटारची तार लांब आणि जाड केली की सूर खाली जातो, तसंच. मुलांचा आवाज जवळपास एक सप्तक खाली उतरतो, मुलींचाही उतरतो पण थोडाच, म्हणून तो कुणाच्या लक्षात येत नाही. अडचण अशी की तंतू वाढले तरी ते ताणणाऱ्या स्नायूंना अजून जुन्या मापाची सवय आहे, ते जुन्या अंदाजाने ओढतात आणि सूर मध्येच निसटतो. ‘ह’ आणि ‘जर’ यांच्या मधे नेमकं हेच होतंय. स्नायू नवीन माप शिकले की थांबेल, कुणाचं काही महिन्यांत होतं, कुणाला वर्षभर किंवा थोडं जास्तही लागतं.

तोपर्यंत ओरडून बोलू नकोस, मुद्दाम खर्ज काढायला जाऊ नकोस, पाणी पीत राहा. गात असशील तर सोडू नकोस, नुसतं वरच्या पट्टीत ताणणं बंद कर आणि शिकवणाऱ्यांना सांग. सर्दीखोकला नसताना घसा सलग तीन-चार आठवडे बसलेलाच राहिला, किंवा गिळताना दुखलं, तर तेवढं डॉक्टरांना दाखव. आणि फोन उचलल्या उचलल्या ‘मी मुलगा बोलतोय’ म्हणायची सवय लाव, म्हणजे काकूंचाही घोटाळा होणार नाही. तू मध्ये न तोडता पाच मिनिटं त्यांचं ऐकून घेतलंस, हे मला फार आवडलं.

प्रश्न : वर्गात कुणाची वस्तू हरवली आणि सरांनी ‘कुणी घेतलंय?’ विचारलं की मी काही केलेलं नसताना माझे कान तापतात, चेहरा लाल होतो आणि सगळे माझ्याकडे बघतात. एकदा तर मी न विचारताच ‘मी नाही घेतलं’ म्हणालो. आता वर्गात पेन जरी हरवलं तरी मला घाम फुटतो. मी चोर दिसतो का?
– निर्दोष, १५

उत्तर : नाही रे. असं होणाऱ्यांची संख्या तुला वाटते त्यापेक्षा खूप मोठी आहे, फक्त कानावर केस असले की बाकीच्यांना दिसत नाही.

चार्ल्स डार्विन यांना या लाल होण्याचं इतकं कुतूहल होतं की १८७२ मध्ये त्यांनी भावना चेहऱ्यावर कशा उमटतात याच्यावर पुस्तक लिहिलं त्यात यासाठी एक अख्खं प्रकरण दिलं. त्यांचं म्हणणं असं की चेहऱ्यावरच्या सगळ्या भावांमध्ये हा सगळ्यात जास्त माणसाचा भाव आहे, आणि दुसरा आपल्याबद्दल काय विचार करत असेल हा विचार मनात आला की तो उमटतो. केलेल्या चुकीशी त्याचा संबंध असलाच पाहिजे असं नाही, ‘हे मला चोर समजतील’ एवढं मनात येणं पुरतं. तेवढ्यावर शरीर अ‍ॅड्रेनलिन नावाचा हार्मोन सोडतं, गालाकानाच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, तिथे गरम वाटतं. आणि ते थांबवायला गेलास की वाढतं, कारण थांबवणं म्हणजे पुन्हा त्याचाच विचार.

म्हणून थांबवू नकोस. कान तापले तर मनात म्हण, तापले, तापू दे, दोन मिनिटांत उतरतील, आणि नजर खाली टाकण्याऐवजी फळ्यावर ठेव, श्वास सोडताना जरा लांबव. लाल होणारी माणसं बघणाऱ्यांना जास्त विश्वासाची वाटतात असंही अभ्यासांत दिसलंय, हे तुझ्यासाठी मुद्दाम लिहितेय.

प्रश्न : काल सायन्सच्या मॅडमना मी ‘आई, हे समजलं नाही’ म्हटलं. पूर्ण वर्गासमोर. शाळा बदलावी का?
– आईची शपथ, १२ (पुढच्या महिन्यात १३)

उत्तर : शाळा बदलू नकोस, तिथल्याही मॅडमना कुणीतरी आई म्हणतच असेल. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा एक अभ्यास आला होता, १७०० हून जास्त लोकांना विचारून केलेला, की माणसं ओळखीच्या माणसाला चुकीच्या नावाने हाक का मारतात. दिसलं असं की ही चूक आंधळी नसते, मेंदू माणसांना कप्प्यांत ठेवतो आणि नाव काढताना त्याच कप्प्यातलं शेजारचं नाव हातात येतं. म्हणूनच आजी तुला हाक मारताना आधी तुझ्या भावाचं, मग मामाचं, मग बहिणीचं नाव घेते. आता तुझ्या मेंदूत ‘अडलं की जिला विचारते ती बाई’ असा एक कप्पा आहे, त्यात आई आहे आणि सायन्सच्या मॅडम आहेत. मॅडमना हे कळलं तर त्यांचा दिवस चांगला जाईल.

मी आठवीत असताना गणिताच्या सरांना ‘बाबा’ म्हटलं होतं आणि त्या दिवशी मधल्या सुट्टीत बाहेरच पडले नाही, बाकावर डोकं टेकून बसून राहिले. खूप वर्षांनी माझ्याच बाकावर बसणारी मैत्रीण भेटली, तिला मी हे सांगितलं तर तिला काहीच आठवेना. तिला त्याच दिवसाचं वेगळंच आठवत होतं, की तिच्या बुटाचा तळ सुटला होता आणि चालताना फटफट आवाज येत होता आणि अख्खी शाळा ऐकत होती. मी तिच्या शेजारीच होते. मी तो आवाज ऐकलाच नव्हता.

प्रश्न : माझी बेस्ट फ्रेंड आधी ‘होओओओ’ लिहायची, चार ओ. काल मी विचारलं उद्या येतेस ना, तर फक्त ‘हो’. मी विचारलं काही झालंय का, तर ब्लू टिक आली, मग ‘टायपिंग’ आलं, गेलं, परत आलं, परत गेलं, आणि अकरा मिनिटांनी नुसता अंगठा. मी घाबरून माझा मेसेज डिलीट केला तर तिथे ‘मेसेज डिलीट केला’ असं दिसायला लागलं, ते तर अजूनच वाईट. रात्रभर मी मागचे दोन महिन्यांचे चॅट वाचून काढले की माझं नेमकं काय चुकलं. आज शाळेत ती नेहमीसारखीच होती, पण कदाचित दाखवत नसेल. ती माझ्यावर चिडलीय का?
– चार ओ, १५

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि त्यातलं मला सगळ्यात खरं वाटलं ते वाक्य म्हणजे ‘आज शाळेत ती नेहमीसारखीच होती’. एका बाजूला हाडामांसाची मैत्रीण आहे, दिवसभर शेजारी बसलेली, हसलेली, आणि दुसऱ्या बाजूला तीन हरवलेले ओ आहेत, आणि तू विश्वास ओंवर ठेवतेयस.

मेसेजमध्ये आवाज नसतो, चेहरा नसतो. तोंडाने ‘हो’ म्हटलं तर त्यात शंभर छटा असतात आणि आपल्याला लगेच कळतं, स्क्रीनवर फक्त एक अक्षर आणि काना मात्रा उरते, आणि मग रिकामी राहिलेली जागा आपण आपल्या भीतीने भरतो. ‘टायपिंग’ येऊन जाण्याची कारणं मोजायला बसलीस तर संपणार नाहीत, आईने हाक मारली, चार्जिंग संपत आलं, लिहिलं आणि स्पेलिंग चुकलं, लहान भावाने फोन ओढला. व्हॉट्सअ‍ॅपवर ही निळी खूण मुळात २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये आली, त्याआधी वाचलं की नाही वाचलं हे कुणाला कळत नव्हतं आणि मैत्र्या तेव्हाही टिकतच होत्या. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करता येते, मग तुझी तिला दिसत नाही आणि तिची तुला दिसत नाही (ग्रुपमध्ये मात्र चालूच राहते). महिनाभर बंद करून बघ, मला खरंच वाटतं तुला झोप चांगली लागेल. आणि काही चुकीचं गेलं तर डिलीट करण्यापेक्षा पंधरा मिनिटांच्या आत एडिट करता येतं, ते कर, म्हणजे डिलीटची ती पाटी मागे राहत नाही.

अजून एक सांगते. २०१८ मध्ये काही मानसशास्त्रज्ञांनी अनोळखी लोकांच्या जोड्या करून त्यांना गप्पा मारायला लावल्या आणि नंतर दोघांनाही वेगवेगळं विचारलं, तुम्हाला समोरचा किती आवडला, आणि समोरच्याला तुम्ही किती आवडला असाल. बहुतेकांना वाटलं आपण त्याला कमीच आवडलो असू, आणि समोरचा मात्र सांगत होता की मला हा माणूस छान वाटला. आपण दुसऱ्यांना किती आवडतो याचा अंदाज आपण कमीच धरतो, आणि तो चुकतो.

तरी शंका जात नसेल तर चॅटवर विचारू नकोस, बरोबर चालत असताना विचार, ‘काल तू नुसतं हो लिहिलंस, मला वाटलं चिडलीस की काय’. तिचा चेहरा बघ. पंधरा सेकंदांचं काम आहे आणि दोन महिन्यांचं चॅट परत वाचावं लागणार नाही. आणि रात्री जेवल्यानंतर कुठल्याही मेसेजचा अर्थ लावायचा नाही एवढा एक नियम माझ्यासाठी पाळ, दमलेल्या डोक्याला सगळं वाईटच दिसतं.

प्रश्न : वर्गाच्या ग्रुप फोटोला दोन दिवस असताना नाकाच्या शेंड्यावर पुळी आली. कुणीतरी सांगितलं टूथपेस्ट लाव, लावली, आता पुळी आहेच आणि भोवती लालभडक गोल पण आहे, नेमबाजीच्या पाटीसारखा. शिवाय आरशात मी बरा दिसतो पण फोटोत तोंड वाकडं येतं. माझं खरं तोंड कुठलं?
– शेंडा, १६

उत्तर : टूथपेस्ट आजच बंद. ती दातांसाठी बनवलेली असते, त्वचा तिने भाजते, तो गोल त्याचाच आहे, साधं मॉइश्चरायझर लाव, काही दिवसांत उतरेल. फोडायचं नाही, डाग तिथूनच राहतात.

पुळ्या घाणीने येत नाहीत, हे आधी घरच्यांनाही वाचून दाखव. या वयात अँड्रोजन हार्मोन वाढले की त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी जोरात कामाला लागतात, तेल आणि मेलेल्या पेशी मिळून छिद्राचं तोंड बुजतं, आत जंतू वाढतात, सूज येते. ब्लॅकहेडचा काळा रंगसुद्धा मळाचा नसतो, आतलं रंगद्रव्य हवा लागून काळं पडतं. म्हणून दिवसातून आठ वेळा घासून धुतल्याने फायदा नाही, उलट त्वचा चिडते, दोनदा सौम्य साबणाने पुरे. औषधाच्या दुकानात बेंझॉइल पेरॉक्साइडचं क्रीम मिळतं, कमी ताकदीचं घे, थोड्या भागावर लावून बघ (ते टॉवेल-कपड्यांचा रंग उडवतं, पांढरा टॉवेल वापर), आणि धीर धर, फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, बहुतेक मुलं दहाव्या दिवशी सोडून देतात. खोल, दुखऱ्या गाठी येत असतील किंवा खड्डे पडत असतील तर थेट त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, त्यावर चांगले उपाय आहेत, मोठा झालास की जाईल असं म्हणून थांबू नका.

तोंडाचं म्हणशील तर आरशात तुला उजवं-डावं उलटं झालेलं तोंड दिसतं आणि जन्मभर तू तेच बघतोयस. फोटोत सुलटं येतं, म्हणून भांग दुसऱ्या बाजूला गेल्यासारखा वाटतो आणि नाक सरकल्यासारखं. १९७७ मध्ये हे करून बघितलेलं आहे, माणसांना स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा फोटो जास्त आवडला आणि त्यांच्या मित्रांना सुलटा. जे रोज बघतो ते आवडायला लागतं. तुझ्या मित्रांनी तुझं फोटोतलंच तोंड रोज बघितलंय, त्यांना ते वाकडं वाटत नाही, त्यांच्यासाठी तोच तू आहेस.

काही छोटे प्रश्न, एकत्र

*परीक्षा चालू असताना पोट गुरगुरतं आणि पुढचा मुलगा मागे वळून बघतो* – पोट रिकामं झालं की दर दीड-दोन तासांनी आतडी स्वतःला झाडून काढल्यासारखी एक लाट सोडतात, आत हवा आणि पाणी असतं, त्याचा आवाज येतो. तो तुला तुझ्या शरीराच्या आतून येतो म्हणून जास्त मोठा वाटतो. पेपरला जाण्याआधी अर्धा तास काहीतरी खाऊन जा.

*अंगाला एकदम घामाचा वास यायला लागलाय, आधी येत नव्हता* – खरंच येत नव्हता. काखेतल्या एका प्रकारच्या घामाच्या ग्रंथी याच वयात सुरू होतात. घामाला स्वतःचा फारसा वास नसतो, त्वचेवरचे जंतू तो खातात आणि वास तयार होतो, म्हणून रोज आंघोळ, रोज धुतलेला शर्ट. डिओडरंट वास झाकतं, अँटीपर्स्पिरंट घाम कमी करतं, ते रात्री कोरड्या त्वचेवर लावलं तर जास्त चालतं.

*उंची तेवढीच आणि पाय मात्र दोन नंबरने वाढले, जिन्यात अडखळतो* – पाऊल आधी वाढतं, मग हातपाय, धड सगळ्यात शेवटी. मेंदूला नवीन मापं कळायला थोडा वेळ लागतो, तोपर्यंत टेबलाचे कोपरे लागतात. बूट घट्ट झाले की लगेच घरी सांग, लाजेने बोटं दुमडून चालू नकोस.

प्रश्न : मी आडवा झालो की डोकं चालू होतं. तीन वर्षांपूर्वी माझ्या वाढदिवसाला प्रिन्सिपॉल सरांनी हात मिळवून ‘हॅपी बर्थडे’ म्हटलं आणि मी ‘सेम टू यू सर’ म्हणालो. ते मला आजही रात्री आठवतं आणि मी उशीत तोंड खुपसून आवाज काढतो. झोप बारा-एकशिवाय येत नाही, सकाळी उठवत नाही, घरचे म्हणतात आळशी आहेस.
– सेम टू यू, १७

उत्तर : आळशीपणाचं आधी निकालात काढू. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोपेचा हार्मोन मेलॅटोनिन लहान मुलांपेक्षा साधारण एक-दोन तास उशिरा वर येतो, म्हणून दहाला आडवं झालं तरी डोळे टक्क उघडे. आणि गरज मात्र आठ ते दहा तासांचीच असते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१४ मध्ये सांगितलं की मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवूच नयेत. हे वाक्य घरी दाखव. शाळेची वेळ तुझ्या हातात नाही, पण सकाळी उठल्यावर थोडा वेळ उन्हात उभं राहणं आणि रात्रीचा शेवटचा तास फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं हातात आहे, सुट्टीच्या दिवशीही नेहमीपेक्षा तासभरच जास्त झोप, दुपारपर्यंत नको.

आणि ‘सेम टू यू’. दिवसभर डोक्याला कामं असतात, रात्री अंधारात एकच काम उरतं, जुनी लाज उकरणं. ती आठवण आली की ढकलू नकोस, उठून बसून कागदावर लिही, त्यात तुझ्या जागी दुसऱ्याच मुलाचं नाव घाल आणि वाच. चौदा वर्षांचा एक मुलगा सरांसमोर इतका गडबडला की शुभेच्छा परत करून बसला. तुला त्या मुलाचा राग येतो का? मला तर त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटतो.

पण एक नीट ऐक, आणि बाकी सगळ्यांनीही वाचा. अशी काळजी आठवडेच्या आठवडे रोज येत असेल, जेवण सुटत असेल, शाळेत जावंसं वाटत नसेल, तर घरातल्या किंवा शाळेतल्या एका मोठ्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. स्वतःला इजा करावी असं मनात आलं तर त्याच क्षणी कुणालातरी उठवा, रात्रीचे तीन वाजले असले तरी. कुणी रागावणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. परवा रस्त्यात तिच्या वर्गातल्या मुली दिसल्या तर मला म्हणाली, ‘आई, तू जरा मागून चाल ना, दहा पावलं.’ मी चालले (रस्ता ओलांडताना मात्र ती थांबली होती, मी जवळ येईपर्यंत). घरी येऊन मी बाथरूममध्ये रडले. माझे कपडे चांगले होते, मी काही बोलले पण नव्हते. माझं काय चुकलं?
– दहा पावलं मागे

उत्तर : तुमचं काही चुकलं नाही, आणि रडू आलं तेही बरोबर आहे, जिला बोट धरून चालायला शिकवलं तिने असं म्हटलं की लागतंच. वरची पत्रं वाचलीत ना, तुमच्या लेकीच्या डोक्यावरही तोच दिवा आहे. तिला वाटतंय अख्खा रस्ता तिच्याकडे बघतोय, आणि त्या उजेडात तुम्ही तिचाच एक भाग म्हणून दिसता, जसा तिचा आवाज, जसं तिचं नाक. तुमच्या जागी जगातली कुठलीही आई असती तरी दहाच पावलं मिळाली असती. थोडी मोठी झाली की हे आपोआप ओसरतं.

तोपर्यंत दहा पावलं मागून चाला, टोमणा मारू नका, नातेवाइकांसमोर हा किस्सा हसत हसत सांगू नका, ती आयुष्यभर विसरणार नाही. तिचं घरातलं लाडाचं नाव रस्त्यात मोठ्याने घेऊ नका. बोलायचं असेल तर समोर बसवून नको, दोघी शेजारी शेजारी काहीतरी काम करत असाल तेव्हा, घड्या घालताना, गाडीत, एकमेकींकडे बघायचं नसलं की या वयातली मुलं खूप बोलतात. आणि तुमच्या चौदाव्या वर्षीची एखादी लाज तिला सांगा, शिकवण न जोडता, नुसती सांगा.

आणि पत्रात कंसात तुम्ही जे लिहिलंय, रस्ता ओलांडतानाचं, ते पुन्हा एकदा वाचा.